गुरुवारचं पाणी

"बाई, उठा. पाणी कोण देणार?"

आप्पासाहेब एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. रागावलेही नव्हते. दार लावून घ्या, पंखा कमी करा, असं सांगावं तसं सांगितलं.

माझी आई खुर्चीवरून उठली. वर धरलेला साडीचा काठ तिने खाली सोडला, जमिनीवर ठेवलेला पाण्याचा जग उचलला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिच्या जागी आप्पासाहेबांचा पुतण्या येऊन बसला. पाळकांनी पुढे केलेला हात तसाच होता. समोरचा पाय तेवढा बदलला.

मग पेटी वाजली आणि सगळ्यांनी गीत म्हटलं. मीही म्हटलं. पुस्तक हातात होतं, ओळी समोर होत्या, तोंड उघडत होतं.

ती उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळची उपासना होती. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठला, त्याने कमरेला रुमाल बांधला आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या संध्याकाळी पाळक बारा जणांचे पाय धुतात. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात. पितळी घंगाळ ठेवतात. बारा जण कोण, ते कमिटी ठरवते. कमिटी म्हणजे तेव्हा आप्पासाहेब. ते खजिनदार होते, पण त्यांच्या शब्दाबाहेर पाळकही नव्हते. पाळक बदलून जातात. आप्पासाहेब कुठे जाणार होते?

बारा जण घरून पाय धुऊन यायचे. नुसते धुऊन नाही, घासून. नखं कापलेली असायची. आप्पासाहेब तर धुतलेले मोजे घालून यायचे आणि खुर्चीवर बसल्यावर ते उतरवायचे, म्हणजे वाटेतली धूळ लागायला नको. मी लहानपणापासून पाहत होते. त्या घंगाळात मळलेला पाय कधी पडलाच नाही. ओतून देताना पाणी जसं आणलं तसं असायचं.

ते पाणी आई तापवायची. मागच्या खोलीत रॉकेलच्या स्टोव्हवर मोठं पातेलं ठेवायची. हाताला सोसेल इतकंच गरम. मग जग भरून पाळकांच्या मागे मागे चालायची. एकेका खुर्चीपाशी थांबायची, जग पुढे करायची, रुमाल द्यायची, ओला रुमाल घ्यायची. शेवटी घंगाळ उचलून मागच्या दाराने बाहेर. हे काम तिला कोणी दिलं, कधी दिलं, ते मला ठाऊक नाही. माझ्या जन्माआधीपासून ते तिचं होतं.

त्या वर्षी बारा जणांतले एक गृहस्थ तापाने आले नाहीत. पाळक नवे होते. नगरकडून आलेले, तरुण. अकरा जणांचे पाय धुऊन झाल्यावर ते रिकाम्या खुर्चीपाशी थांबले. इकडे तिकडे पाहिलं. मागे आई उभी होती.

"सोनाबाई, तुम्ही बसा," ते म्हणाले.

मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते. कॉलेजचं पहिलं वर्ष. तिथून मला आईचा चेहरा पूर्ण दिसत होता. तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल म्हणून. मग जग खाली ठेवला. हात पदराला पुसले. खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आणि पाय पुढे केले. दवाखान्यातली सकाळची पाळी करून, तरसालीहून बसने उभ्याने आलेले पाय. टाचांना भेगा, भेगांमध्ये काळं साचलेलं. तिने साडीचा काठ वर धरला आणि डोळे मिटले.

पाणी पडायच्या आधी आप्पासाहेब बोलले.

परतताना आम्ही दांडिया बाजारातून चालत निघालो. दुकानं बंद होत होती. मला वाटत होतं, ती रडेल. ती रडली नाही. भाजीच्या एका लारीवर, हातगाडीवर, थांबून तिने दुसऱ्या दिवसासाठी कोथिंबीर घेतली.

मी विचारलं, "तू का उठलीस?"

"सांगितलं म्हणून."

"पाळकांनी बसायला सांगितलं होतं."

"हो ना. दोघांनी सांगितलं."

"मग पाळकांचं का नाही ऐकलंस?"

तिने कोथिंबिरीची जुडी पिशवीत नीट उभी ठेवली. म्हणाली, "पाळक गप्प बसले गं. ते बोलले असते तर मी नसते उठले."

मग तिने पिशवी उचलली आणि बस स्टॉपकडे चालू लागली.

आम्ही कोण, ते सांगायला हवं. आईचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरच्या वस्तीतले. गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं. मिशनच्या विहिरीवर होतं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लोक त्याला पाण्यासाठी धर्म बदलला म्हणतात. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. माणसाला पाणी देणाऱ्याचा देव त्यांनी घेतला. माझे वडील कामासाठी गुजरातेत आले. वाघोडियाच्या एका कारखान्यात वॉचमन होते. मी शाळेत असतानाच गेले. आई एका दवाखान्यात आया होती. दवाखान्यात सगळे तिला सोनामासी म्हणायचे. पेशंटची अंगं पुसायची, शौचाची भांडी द्यायची, भांडी न्यायची. त्यावर मी शिकले.

आप्पासाहेबांचे पणजोबा शास्त्री होते. संस्थानच्या काळात दरबारी मान होता. मग ते ख्रिस्ती झाले, घरच्यांनी टाकलं, त्यांनी फार सोसलं. ही हकिगत आमच्या मंडळीत दर वर्षी वर्धापनदिनाला सांगितली जायची. ती खरी आहे. त्या माणसाने खरंच सोसलं असणार. पण त्याने जे सोडलं ते त्याच्या नातवंडांनी हळूहळू परत गोळा केलं. आडनाव सांगताना आवाज बदलायचा. मुलीचं स्थळ बघताना पहिला प्रश्न, "मूळचे कोण?" प्रभुभोजनाचा प्याला एकच होता, पण रांग ठरलेली होती. पुढच्या बाकांनी आधी प्यायचं. आम्ही मागचे. कोणी तसं लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी, पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, मी देवळात गेले नाही. आई गेली. नवं पातळ नेसून गेली आणि येताना माझ्यासाठी केक घेऊन आली. पुढच्या वर्षी गुरुवारी तिने पुन्हा पाणी तापवलं.

मला तिचा राग यायचा. तिच्या देवाचा त्याहून जास्त. ज्याने रुमाल कमरेला बांधला त्याच्यासमोर हे झालं आणि तो क्रूसावरून खाली बघत राहिला. मी तिला असं म्हटलंही. ती म्हणाली, "जेवून घे."

मी पुस्तकांत शिरले. तिथे कोणी उठ म्हणत नव्हतं. शहरातल्या मोठ्या लायब्ररीत मराठी पुस्तकांची कपाटं एका बाजूला होती आणि तिकडे फारसं कोणी येत नसे. मी एम. ए. केलं. दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी शाळेत लागले. वर्गात दर वर्षी मुलं कमी होत होती. बडोद्यातल्या मराठी घरांतली मुलं बाहेर गुजराती बोलायची, आपसांत हिंदी, आणि माझ्यासमोर अवघडून मराठी.

शाळेत जुन्या घरांतल्या बाया होत्या. मायाळू. डब्यातलं लोणचं आग्रहाने द्यायच्या. पहिल्याच महिन्यात एक जण म्हणाली, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? वाटत नाही हं. मराठी किती शुद्ध आहे तुमचं."

दुसरी म्हणाली, "पण मूळचे कोण तुम्ही?"

तोच प्रश्न. देवळातही तोच, देवळाबाहेरही तोच.

एकदा मधल्या सुट्टीत धर्म बदलणाऱ्यांवरून बोलणं निघालं. पेपरात काहीतरी आलं होतं. गणिताचे सर चहा ओतत होते. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. तुमच्या आजोबांना काय मिळालं होतं? गहू की पैसे?"

सगळे हसले. वाईट हेतूने नाही. सरांना विनोद करायची सवय होती. मीही हसले. चहा घेतला.

त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ खाटेवर बसून राहिले. सरांना काय म्हणता आलं असतं, ते शोधत होते. माझा देव असा आहे, असं म्हणावं तर मी त्याच्याकडे जात नव्हते. माझा तो देव नाही, म्हणावं तर मग पणजोबा खरंच गव्हासाठी गेले होते. आप्पासाहेबांनी मला एका घरातून काढलं होतं आणि दुसरं घर मला कधी नव्हतंच. मी दोन्हीकडच्या ओट्यावर उभी होते. शिकलेली, शुद्ध मराठी बोलणारी, आणि पायाखाली काही नसलेली.

अशी वर्षं गेली. लग्न झालं नाही. एक-दोन ठिकाणी बोलणी झाली आणि मूळचे कोण, इथे थांबली.

आई निवृत्त झाली. मग तिची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी काय करता येईल आणि काय नाही ते सांगितलं. तिने दुसऱ्यासाठी ते सगळं हजारदा पाहिलं होतं. म्हणाली, "मला घरी ने."

तरसालीच्या दोन खोल्यांत मी तिला सांभाळलं. मी शाळेत गेले की शेजारच्या हंसाबेन येऊन बसायच्या. त्यांना मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. "तमे जाव, हुं बेठी छुं," म्हणायच्या आणि भाजी निवडत बसायच्या. आई त्यांच्याशी गुजरातीत बोलायची आणि देवाशी मराठीत.

संध्याकाळी ती म्हणायची, "वाच." तिला वाचता येत होतं, पण अडखळत. आता डोळेही साथ देत नव्हते. मी तिचं पवित्र शास्त्र, बायबल, काढलं. कित्येक वर्षांनी हातात घेतलं होतं. मी शिक्षिकेसारखी वाचायची. विराम सांभाळून, मनात काही न येऊ देता. पेशंटला औषध द्यावं तसं.

एकदा दोन घरांचा दाखला आला, येशूने सांगितलेली गोष्ट. एकाने खडकावर घर बांधलं, एकाने वाळूवर. पाऊस आला, पूर आला. एक टिकलं, एक पडलं. लहानपणापासून ऐकलेला. संडे स्कूलमध्ये हातवारे करून गाणं म्हणायचो त्याचं. मी वाचून पुढे जायला लागले.

आई म्हणाली, "थांब. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडला ना?"

"हो."

"पूरही दोघांकडे आला?"

"हो."

"मग खडकावाल्यालाही कळलं असेल. गळालं असेल वरनं. विश्वामित्रीला पूर आला की आपल्याकडं नाही का सगळं ओलं व्हायचं, चूल पेटायची नाही." थोडं थांबून म्हणाली, "फक्त पडलं नाही."

मी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं मी त्या दाखल्याचा उलटा अर्थ धरून बसले होते. ज्याचा पाया पक्का त्याच्यावर पाऊस पडणार नाही, असं कुठेतरी मनात होतं. आणि आमच्यावर पडला म्हणून मी देवाला खोटा ठरवला होता. त्याने तसं वचनच दिलं नव्हतं. मी वाचलं नव्हतं नीट. आईने ऐकलं होतं.

मग मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

"आई, त्या गुरुवारी तुला काय वाटलं होतं?"

तिला कुठला गुरुवार ते सांगावं लागलं नाही.

मला वाटलं होतं ती म्हणेल, मी त्यांना क्षमा केली. किंवा, सेवा करण्यातच आनंद आहे. मंडळीतल्या बाया असं म्हणतात. मी त्यासाठी तयार होते.

ती म्हणाली, "मला लई बसायचं होतं गं."

मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

"डोळे मिटले होते मी. म्हटलं, आता पाणी पडंल. मी रोज दुसऱ्यांची अंगं धुते. माझे पाय कधी कोणी धुतले नव्हते. लहानपणी आईनं धुतले असतील तेवढेच." तिला दम लागला. मी पाणी दिलं. एक घोट घेतला. "राग आला होता मला. अजून आहे. प्रभूला सांगितलंय मी तसं. त्याच्यापासनं काय लपवायचं?"

"मग जात का राहिलीस? पाणी का तापवत राहिलीस?"

"पाणी तापवायला नव्हते जात मी. मी त्याच्याकडं जात होते. पाणी त्यांनी हातात दिलं, तेवढ्यासाठी त्याला सोडू?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "ते घर आप्पासाहेबांचं नाहीये पोरी. मी गेले नसते, तू गेली नाहीस, अशा आपल्या सगळ्या गेल्या नसत्या, तर ते त्यांचं झालं असतं."

ती झोपली. मी तिथेच बसले होते.

मी तिला गरीब समजत होते. स्वभावाने गरीब. वाकणारी, सोसणारी, दोघांनी सांगितलं म्हणून उठणारी. ती तशी नव्हती. ती त्या घरात ठाण मांडून होती. हातात जग होता, एवढंच लोकांनी पाहिलं. मीही तेवढंच पाहिलं.

त्या रविवारी हंसाबेनना बसवून मी देवळात गेले. मागच्या बाकावर बसले. काही चमत्कार झाला नाही. प्रवचन लांबलं. पण प्रार्थनेला डोळे मिटले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी कोणाच्या परवानगीने इथे नाही. ज्याच्याकडे आले त्याला मूळचे कोण, हे विचारायचं नव्हतं. येशूला स्वतःलाच लोकांनी विचारलं होतं, हा सुताराचा पोरगा ना, त्या गावातून काय चांगलं येणार? इतक्या वर्षांचं वाचन असून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो आमच्या बाजूचा होता. पहिल्यापासून.

पावसाळ्याच्या शेवटी आई गेली. सकाळी, मी तिची वेणी घालत असताना. अर्धी वेणी माझ्या हातात होती. मी ती पूर्ण केली. मग हंसाबेनना हाक मारली.

मंडळी आली. गीतं झाली. आप्पासाहेब तोवर वारले होते. त्यांचे चिरंजीव भास्करराव आता कमिटीचे प्रमुख. त्यांनी कबरीशी दोन शब्द सांगितले. सोनाबाई म्हणजे नम्रतेची मूर्ती, असं म्हणाले. मी मूठभर माती टाकली.

त्यानंतरचे महिने मी लिहू शकत नाही. लिहायला घेते आणि वाक्य मध्येच थांबतं. घरात तिचा चष्मा होता, तिच्या औषधांचा वास होता. शाळेतून आल्यावर दार मलाच उघडावं लागायचं. मी कोसळले नाही, असं मी म्हणणार नाही. कोसळले. पण कोसळून जिथे पोहोचले तिथे खाली जमीन होती. ह्याहून जास्त मला सांगता येत नाही. दुःख कमी झालं नाही. त्याला उभं राहायला जागा मिळाली.

झावळ्यांच्या रविवारनंतर, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारनंतर, दोन दिवसांनी भास्करराव घरी आले. सोबत त्यांच्या पत्नी, सुमनताई. येताना पेंडा, म्हणजे इथला पेढा, आणला होता. मी चहा केला. त्यांनी चहा घेतला, तेही सांगायला हवं. आमच्या कपाचा विटाळ मानणारी ती माणसं नव्हती. माणसं चांगली होती.

"सलाम, ताई. कशा आहात?" मंडळीत भेटल्यावर आम्ही सलामच म्हणतो. त्यांनी आईच्या फोटोकडे पाहिलं. "परवा गुरुवार आहे. सोनाबाईंशिवायचा पहिला."

"हो."

"कमिटीत विषय झाला. सगळ्यांचं मत पडलं, की सोनाबाईंची सेवा घरात चालू राहावी. तुम्ही पाण्याचं बघावं. परंपरा आहे ती तुमच्या घराण्याची. आम्ही दुसऱ्या कोणाला सांगू शकलो असतो, पण म्हटलं, मान तुमचा."

मान. ते मनापासून म्हणाले. घराण्याची परंपरा. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेताना असलीच एक परंपरा मागे टाकली होती. ती आमच्या आधी इथे येऊन बसली होती, आणि आता पेंडा घेऊन दारात आली होती.

मी म्हटलं, "पाण्याचं मी बघणार नाही."

त्यांना वाटलं, शाळेमुळे. "सुट्टीच आहे ना गुरुवारी?"

"सुट्टी आहे. मी येणार आहे. पाणी देणार नाही."

सुमनताईंनी कप खाली ठेवला. भास्कररावांनी पत्नीकडे पाहिलं. मग एकदम त्यांना उमगल्यासारखं झालं. हुशार माणूस. म्हणाले, "आलं लक्षात. तुम्ही शिकलेल्या, शिक्षिका आहात. तुम्ही असं करा, यंदा बारा जणांत बसा. मी शब्द टाकतो कमिटीत. कोणी नाही म्हणणार नाही."

ती खुर्ची. मला वाटलं होतं, कोणी ती देऊ केली तर मला आनंद होईल. झाला नाही. टाचांना भेगा असलेल्या बाईला जी मिळाली नाही, ती एम. ए. झालेल्या बाईला शब्द टाकून मिळणार होती.

"आईला बसायचं होतं," मी म्हटलं. "तुमच्या वडिलांनी उठवलं. मी तिच्या जागी बसणार नाही. बारा जण कोण, ते कमिटीने ठरवू नये. जो येईल तो बसेल. मळलेल्या पायाने आला तरी."

"असं कसं, ताई? शिस्त राहणार नाही."

"ज्याचं अनुकरण करता, त्याने पाय तपासले नव्हते."

सुमनताई हळूच म्हणाल्या, "तुम्ही दुःखात आहात म्हणून असं वाटतंय."

"दुःखात आहे," मी म्हटलं. "पण ह्याचा त्याच्याशी संबंध नाही."

ते गेले. पेंड्याचा पुडा मी हंसाबेनकडे दिला.

गुरुवारी मी लवकर गेले. मागच्या बाकावर नाही. पुढून दुसऱ्या, जिथे भास्कररावांची बहीण बसते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली. बारा खुर्च्या मांडलेल्या होत्या. घंगाळ चकचकीत होतं. बारा जण आले, बसले, पायमोजे उतरवले. गोरेपान, धुतलेले पाय. वाचन झालं. पाळकांनी झगा उतरवला, कमरेला रुमाल बांधला आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले.

मग त्यांनी मागे हात केला.

मागे कोणी नव्हतं.

मला वाटत होतं, कमिटीने काहीतरी व्यवस्था केली असेल. दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल. केली नव्हती. मी येणार म्हटल्यावर, तोंडाने नाही म्हणत असले तरी पाणी येईलच, असं त्यांनी धरलं होतं. इतकी वर्षं ते आपोआप येत होतं.

पाळक गुडघ्यांवर थांबले. पेटीवाल्याने तेच कडवं परत वाजवलं. हळूहळू माना वळायला लागल्या. एक बाक, मग दुसरा. सगळे माझ्याकडे बघत होते. कोणी रागाने नाही. वाट बघत होते. मी उठेन म्हणून.

अंगात इतक्या पिढ्यांची सवय आहे की कोणी नुसतं बघितलं तरी पाय उठायला लागतात. मी बाकाची कड धरली. प्रार्थना अशी सुचली नाही. त्याचं नाव तेवढं मनात घेतलं.

भास्करराव खुर्चीवरून अनवाणी उठून माझ्यापाशी आले. वाकून म्हणाले, "ताई, जरा मागे जाता का? स्टोव्ह कुठे आहे तेसुद्धा कोणाला ठाऊक नाही."

मी मान वर केली. "मी उपासनेला आले आहे."

मला मोठ्याने बोलायचं नव्हतं. पण पेटी नेमकी तेव्हाच थांबली होती. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

ते उभे राहिले. मग सुमनताई उठल्या. मागच्या खोलीत भांडी वाजली. त्या एक प्लास्टिकची बादली दोन्ही हातांनी धरून घेऊन आल्या. रेशमी साडीच्या निऱ्या भिजल्या होत्या. ती फरशी पुसायची बादली होती. फिनेलचा वास पहिल्या बाकांपर्यंत आला. पाळकांनी बादलीकडे पाहिलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच पाण्याने पाय धुवायला सुरुवात केली. सुमनताई त्यांच्या मागे वाकत, सरकत, बारा खुर्च्यांवरून गेल्या. बाराव्या खुर्चीपाशी त्या घामाने थबथबल्या होत्या.

उपासना संपल्यावर माझ्याशी कोणी बोललं नाही. दाराशी भास्कररावांनी सलाम केला नाही. मागच्या बाकांवरच्या बायाही बोलल्या नाहीत. त्यातली एक, दवाखान्यात आईबरोबर असलेली, माझ्या बाजूने जाताना पुटपुटली, "असं नको होतं करायला. आता आपल्याला अजून लांब बसवतील."

असेल. बसवतील.

त्यानंतर मला दोन निरोप आले. एक, की मी माफी मागावी. दुसरा, की आणखीही मंडळ्या आहेत बडोद्यात, तिथे मला बरं वाटेल. शाळेतल्या एका बाईंना कुठून तरी कळलं. त्या म्हणाल्या, "बघा, तुमच्यातही तेच. मग कशाला हवाय तो धर्म?"

ह्या वेळी मी हसले नाही. मी त्यांना सांगितलं की माझे पणजोबा पाण्यासाठी गेले आणि मी त्याच पाण्यावर उभी आहे. ज्याने ते दिलं त्याने मला कधीही उठवलेलं नाही. उठवणारे वेगळे आहेत, आणि त्यांच्याशी माझं भांडण आहे, त्याच्याशी नाही.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. तिथे मी उभी राहून विचारणार आहे, बारा जण कोण ठरवतं. उत्तर टाळलं तर त्याच्या पुढच्या सभेत विचारीन. माफी मागणार नाही. दुसरी मंडळी शोधणार नाही. खुर्ची घेणार नाही, जग धरणार नाही. दर रविवारी त्याच दुसऱ्या बाकावर बसेन, त्याच प्याल्यातून पिईन, आणि रांगेत माझ्या पाळीला कोणी मागे हो म्हणालं तर होणार नाही. त्यांना मी तिथे नको असेन, तर मला हाताला धरून, सगळ्यांदेखत बाहेर काढावं लागेल.